बारकीचा महिना भरला

नोकरीत होतो तोवर महिना भरला की पगार व्हायचा. निवृत्त झालो, आणि महिना भरला की पेन्शन जमा व्हायला लागली. गेल्या श्रावणात लेकीला मुलगी झाली. लेक बाळंतपणाला माहेरी, म्हणजे इथं मुरगुडात आली होती. तेव्हापासून घरात कुणी ‘महिना भरला!’ असं ओरडलं की मी पासबुक शोधायला उठत नाही. भरलेला महिना बारकीचा असतो.

बारकी हे तिचं खरं नाव नव्हे. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव चांगलं चार अक्षरी आहे, आणि जन्मदाखल्यावरही तेच आहे. पण गल्लीनं तिला बारकी म्हणायचं ठरवलं, आणि गल्लीनं ठरवलेल्या नावापुढं नगरपालिकेचा शिक्काही चालत नाही.

आमच्या लहानपणी वाढदिवस ही भानगडच नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून लिहिली, त्यात मीही आलो. आईला विचारलं तर ती सांगायची, “बेंदराला तू बसत हुतास, आणि दसऱ्याला सोनं लुटून आलो तर उंबऱ्यापतोर रांगत आलास.” माझ्या बाललीलांची लेखी-तोंडी नोंद एवढीच. पुढं मीही गुरुजी झालो. आमच्या पिढीनं सरकारी तारखेला केक कापायचं ठरवलं, तर १ जूनला कागल तालुक्यातल्या बेकऱ्या पुरणार नाहीत.

बारकीचा वाढदिवस मात्र दर महिन्याला असतो. जावई पुण्याला असतात. महिना भरला की ते शनिवारी येतात, चादर अंथरतात, बारकीला मधोमध निजवतात आणि शेजारी महिन्याचा आकडा मांडून फोटो काढतात. पुण्याकडं म्हणे हा आकडा फुलांचा किंवा लाकडी ठोकळ्यांचा असतो. आमच्याकडं घरात जे असेल त्याचा. पहिल्या महिन्याला शेवग्याची एक शेंग ठेवली, काम झालं. फोटो झाल्यावर ती आमटीत गेली. दुसऱ्या महिन्याला भेंड्या, तिसऱ्याला भुईमुगाच्या शेंगा. चौथा महिना ऐन गळीत हंगामात भरला. दारावरून कारखान्याकडं ट्रॅक्टर चाललेलेच होते, त्यामुळं चार उसाच्या कांड्यांचा झाला आणि फारच ठसठशीत उठला. सातव्याला आजीनं वाळत घातलेल्या संकेश्वरी मिरच्या वापरल्या. त्या फोटोत बारकी सोडून सगळी शिंकताना दिसतात. आठव्याला गुळाच्या लहान ढेपा रचल्या, तर जावयांचा कॅमेरा जुळेपर्यंत मुंग्या आठाच्या वरच्या गोलात पोहोचल्या होत्या. नववा आकडा पापडांचा होता. तोवर बारकी एका जागी राहीनाशी झाली होती. ती सरकत आली, नवाची शेपटी मोडून तोंडात घातली, आणि फोटोत फक्त शून्य उरलं. जावई म्हणाले, “असू दे बाबा, फ्रेम छान आलीये.”

हे सगळं नुसतं फोटोंवर थांबलं असतं तर ठीक. पण महिना भरला की हिशेब तपासायला बसणारी मंडळी बरीच. जावयांच्या मोबाइलमध्ये एक अॅप आहे. ते सोमवारी सकाळी कळवतं : या महिन्यात आपलं बाळ आवाजाच्या दिशेला मान वळवेल. लगेच पुण्याहून फोन येतो, “वळवते का?” मग आम्ही बारकीच्या डाव्या कानाशी खुळखुळा वाजवतो. ती उजवीकडं कोनाड्यातल्या पालीकडं बघत असते. अॅपला पाल माहीत नाही.

दुसरा हिशेब माता व बाल संरक्षण कार्डावर. अंगणवाडीताई काट्याच्या झोळीत घालून बारकीचं वजन करतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की आजी सुटकेचा श्वास टाकते आणि घरी आल्या आल्या दृष्ट काढते. ह्या तक्त्याचं मला फार कौतुक वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली तो प्रसिद्ध केला तो ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली बाळं वर्षानुवर्षं मोजून. म्हणजे मुरगूडच्या अंगणवाडीत बारकीच्या शेजारी ओस्लोचं आणि मस्कतचं बाळ अदृश्यपणे झोळीत बसलेलं असतं. तिथं मीठ-मोहऱ्या ओवाळत नसतील, तरी वजनं वाढलेलीच आहेत, असं मी एकदा आजीला सांगून पाहिलं. “त्यास्नी आपल्या गल्लीतल्या बायकांची नजर कुठं लागतीया?” हे उत्तर आलं. त्यावर मला काही सुचलं नाही.

तर ही गल्लीची नजर म्हणजे तिसरा हिशेब. त्याला कार्ड लागत नाही आणि काटाही लागत नाही. दळण घेऊन जाणारी बाई जाता जाता उंबऱ्यातून एकदा बघते आणि निकाल देते, “वाळलं गं पोरगं!” सहाव्या महिन्यानंतर हा निकाल फार ऐकावा लागतो. त्याचं कारण तक्त्यातच आहे. मुलीचं मधलं वजन जन्माला ३.२ किलो, सहा महिन्यांनी ७.३ आणि वर्षाला ८.९. पहिल्या सहा महिन्यांत चार किलोंच्या वर वाढ आणि पुढच्या सहा महिन्यांत दीड-पावणेदोन. उसाची पहिली उचल दणक्यात मिळते आणि पुढच्या हप्त्याचं काय होतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको, बाळाचंही तेच. एकदा हातपाय चालायला लागले की खाल्लेलं तिकडं खर्च होतं. हे मी दळणवाल्या बाईंना आकड्यांसकट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत बघून विचारलं, “नाचणीचं सत्त्व देता का न्हाई?”

पण मी फार पुढं आलो. पहिले दोन महिने बारकी काय करत होती, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘आंघोळ’ असं आहे. जन्मलेल्या बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचंच बरं दिसतं, म्हणजे मांडीवरून आईच्या तोंडापर्यंत. त्यापलीकडं सगळं धुकं. मी दारात उभा राहून टाळ्या वाजवत, तोंडं वेडीवाकडी करत जे काय केलं, ते शेजारच्यांनीच पाहिलं. बारकीच्या जगात त्या वेळी आई होती आणि न्हाऊ घालणारी मावशी होती. मावशी पाटावर पाय पसरून बसायच्या, पायांवर बारकीला पालथी घालायच्या, तेल-डाळीचं पीठ चोळायच्या, तांब्या-तांब्यानं कढत पाणी ओतायच्या, आणि शेवटी नाकाचा शेंडा चिमटीत धरून ओढायच्या. गल्लीतली निम्मी नाकं त्यांच्या चिमटीतून गेलेली आहेत, आणि त्यातली बरीचशी बसकी आहेत. डॉक्टरांनी बजावलं होतं : नाक ओढायचं नाही, कानात तेल घालायचं नाही, धुरी द्यायची नाही. हे मी मावशींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मी तुमच्या लेकीलाबी न्हाऊ घातलो हुतो. तवा गप बसला, आता कशाला बोलतासा?” तेल आणि धुरीचं त्यांनी ऐकलं. नाक मात्र माझी पाठ वळली की ओढलंच.

दीड महिन्याच्या सुमाराला बाळ माणसाकडं बघून हसायला लागतं. त्याआधी झोपेत हसतं ते सटवाई हसवते, असं आजीचं मत. खरं पहिलं हसू आपल्याला मिळावं म्हणून घरात आठवडाभर चढाओढ चालली. लेक, आजी, मामा, सगळे पाळण्यावर वाकून होते. एका दुपारी लाइट गेली, तासाभरानं आली, पंखा फिरायला लागला आणि बारकी पंख्याकडं बघून तोंडभर हसली. महावितरणला हे कळवावं असं मला वाटलं होतं. वीज आली म्हणून इतका निर्मळ आनंद झालेला दुसरा ग्राहक त्यांच्याकडं नसेल.

मग तिला स्वतःचा हात सापडला. मूठ डोळ्यांसमोर धरायची, उघडायची, मिटायची, पुन्हा बघायची. तासन् तास. माझ्या समोरच्या घरात एक जुने पैलवान राहतात. तालमीत आयुष्य गेलेलं, कान मोडलेले. ते रोज संध्याकाळी येऊन बारकीची तब्येत बघून जातात. त्यांना हे हात निरखणं पसंत पडलं. “पंजा बघतीया,” म्हणाले, “पकड चांगली ऱ्हाणार.” पण त्यांना मनातून एक गोष्ट खात होती. बारकी दिवसभर उताणी. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. आणि हे पोर तर जन्मल्यापासून चितपट. ज्या माणसानं खासबागच्या मैदानात जोड लावली, त्याच्या डोळ्यांना हे रोज बघवत नव्हतं. दिवाळी संपली आणि एका संध्याकाळी, ते समोर बसलेले असतानाच, बारकीनं एक पाय उचलून पलीकडं टाकला, कंबर फिरवली, हात अंगाखाली अडकला, चेहरा लालबुंद झाला, आणि ती गपकन पालथी पडली. पैलवान उभे राहिले. “आता हिला कोण चीत करत न्हाई!” असं म्हणून त्यांनी खिशातली दहाची नोट तिच्यावरून ओवाळून तिच्या पायाशी ठेवली. मुरगुडात कुस्तीचं वेड पोरींपर्यंत पोहोचल्याला बरीच वर्षं झाली, इथल्या तालमीत मुली सराव करतात. त्यामुळं पुढचं सगळं बोलणं बारकीला किती बदाम द्यायचे या विषयावर झालं. चौथ्या महिन्यात बदाम देत नाहीत हे सांगायची हिंमत लेकीनं केली.

त्या पहिल्या पालथं पडण्यातली खरी गंमत पुढं होती. पालथी पडली, पण उलटं परत कसं फिरायचं ते तिला येत नव्हतं. त्यामुळं पंधरा मिनिटं विजय आणि मग भोकाड. कुणी तरी जाऊन तिला उताणी करायचं. लगेच पुन्हा पालथी. रात्री दोन वाजतासुद्धा हाच कार्यक्रम. अॅपनं या महिन्यात ‘अभिनंदन’ असं लिहून रंगीत कागदाचे तुकडे उडवले. रात्री दोन वाजता कोण उठणार, याबद्दल त्यात काही नव्हतं.

संक्रांतीला बोरन्हाण झालं. हलव्याचा मुकुट तिनं डोक्यावरून ओढून तोंडात घातला, फोटो निघायच्या आधीच. इथून पुढं तिच्या सगळ्या शोधांची प्रयोगशाळा म्हणजे तोंड. जे दिसेल ते आधी चाखायचं आणि मग वाटलं तर बघायचं. चष्म्याची काडी, कुंचीची नाडी, मांजराची शेपटी (मांजर निसटलं), आणि रोजचा पेपर. मी पानं उलटायच्या आत तिनं एकदा अग्रलेख चावून गिळला. इतक्या आवडीनं अग्रलेख संपवणारा वाचक संपादकांना क्वचितच मिळत असेल.

खायच्या वस्तूंबद्दल मात्र कडक कायदा होता. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. “पानीबी न्हाई?” असा प्रश्न आमच्या दारात जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा नळाला पाणी येत नाही. सहाणेवर उगाळायला वेखंड-जायफळ-हळकुंड-खारीक असा बाळगुटीचा सगळा सरंजाम आजीनं आधीच जमवून ठेवला होता. तो तसाच डब्यात राहिला. मध चाटवायचा नाही, कारण त्यातल्या जिवाणूंचं विष वर्षाच्या आतल्या बाळाला बाधू शकतं. आणि सगळ्यात मोठा घाव म्हणजे वर्ष होईपर्यंत वरचं दूध पाजायचं नाही. ज्या कोल्हापुरात गंगावेशीला म्हैस समोर उभी करून धारोष्ण दुधाचे पेले विकतात आणि माणसं मिशीला फेस लावून उभी राहतात, त्या जिल्ह्यात जन्माला येऊन वर्षभर म्हशीचं दूध नाही! पैलवानांनी हे ऐकलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कायदा असंल तर पाळाय पायजे.”

सहावा महिना सरला आणि उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर बारकीनं जिभेवर घेतली, विचार केला, आणि मामाच्या नव्या शर्टावर परत दिली. नाचणीची पेज, मुगाचं वरण, मऊ भात यांचंही सुरुवातीला असंच झालं. तिचा जीव रमला तो आठव्या महिन्यात, रविवारी. मटण शिजत होतं. तांबड्या-पांढऱ्याला फोडणी पडायच्या आधी आजीनं अळणी वेगळी काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अळणी म्हणजे मसाला पडायच्या आधीचं मटणाचं पाणी. आमच्याकडं पोराबाळांचा आणि आजाऱ्यांचा तो हक्क असतो. बारकीच्या वाट्याची अळणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीठ न घालताच उकळली होती. चमचा तोंडात गेला, आणि बारकीनं दोन्ही हातांनी आजीचं मनगट धरलं. वाटी संपेपर्यंत सोडलं नाही. पैलवान म्हणाले होते ती पकड हीच.

आता थोडं शास्त्र. डी.एड.ला असताना आम्ही जीन पियाजे पाठ केला होता, तो हमखास येणारा प्रश्न होता. पियाजेनं स्वतःच्या तीन मुलांच्या तान्हेपणी बारीक नोंदी ठेवल्या आणि सांगितलं की साधारण आठ महिन्यांच्या आतल्या बाळासमोर वस्तू रुमालाखाली झाकली तर ते ती शोधत नाही. दिसत नाही म्हणजे त्याच्या लेखी ती नाहीच. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण प्रयोग करून बघायची संधी आता मिळाली. सहाव्या महिन्यात मी कपाटाच्या किल्ल्या बारकीसमोर रुमालाखाली ठेवल्या. तिनं लगेच दुसरीकडं पाहिलं, किल्ल्यांचा विषय संपला. नवव्या महिन्यात तोच प्रयोग केला. तिनं रुमाल उचलून फेकला, किल्ल्या घेतल्या आणि खोलीबाहेर गेली. वस्तू नजरेआड झाली तरी कुठं तरी असते, हे बारकीला समजलं आहे. किल्ल्या कुठं आहेत, हे आम्हाला अजून समजलेलं नाही.

नातवंडांच्या नोंदी ठेवणाऱ्याला ‘रिकामटेकडा’ म्हणणाऱ्यांना मी चार्ल्स डार्विनचा दाखला देतो. त्याचा थोरला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला. डार्विननं त्याच्या शिंका, राग, हसणं सगळं वहीत टिपलं आणि १८७७ साली ‘माइंड’ नावाच्या नियतकालिकात छापलं. तेव्हा ते बाळ सदतीस वर्षांचं होतं आणि बँकेच्या व्यवसायात होतं. आपण आरशात बघून काय केलं हे गिऱ्हाइकांना छापील कळल्यावर त्याला काय वाटलं असेल! त्या लेखात डार्विन मोठ्या नवलानं लिहितो की बरोबर वर्षाचा झाला तेव्हा मुलानं खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द तयार केला : ‘मम’. जग हिंडून आलेला एवढा मोठा शास्त्रज्ञ. मुरगुडातल्या कुठल्याही आजीला विचारलं असतं तर तिनं शब्द आधीच सांगितला असता. बारकीला ‘मम’ अकराव्या महिन्यातच येतंय. पण लेकीचं म्हणणं, ती ‘मम्मा’ म्हणते. आजीचं म्हणणं, ती मम मागते. बारकी दोघींना झुलवत ठेवते आणि दोघींकडून हवं ते मिळवते.

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ परकी माणसं ओळखायला लागतं, म्हणजे त्यांना बघून रडायला लागतं. हा शोध आमच्या भागात फार अडचणीचा. इथं बारा महिने कुठली ना कुठली निवडणूक असते. पालिका झाली की सोसायटी, सोसायटी झाली की दूध संस्था, मग पतसंस्था, मग कारखाना. आणि उमेदवार दारात आला की आधी पाया पडतो आणि मग बाळ उचलतो. असेच एक उमेदवार लवाजम्यासह आले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात उपरणं, फोटोवाला पुढं. त्यांनी बारकीला उचललं. बारकीनं त्यांच्याकडं बघितलं, उपरण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या गल्लीतून विरोधी गटाची माणसं काय झालं ते बघायला आली. उमेदवार पडले. बारकीमुळं पडले असं मी म्हणणार नाही, पण गल्लीत तसं म्हणतात, आणि परवा विरोधी गटाचे पुढारी तिच्यासाठी झबलं घेऊन आले होते. त्यांनाही ती तशीच रडली. बारकी कुठल्याच गटाची नाही.

दहाव्या महिन्यात तिला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला नेलं. कपाळाला लावलेला भंडारा तिनं बोटानं पुसून चाखला. वाटेत मामांच्या बकऱ्यांचा कळप लागला. इतकी मेंढरं एकदम बघून ती गप्प झाली, मग बोट दाखवून म्हणाली, “बें!” तेव्हापासून सगळं बें. कुत्रं बें, मांजर बें, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा मोटारसायकलवाला बें. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर जावई दिसले, त्यांनाही बें. जावयांनी नुकती दाढी वाढवली होती, हे इथं नमूद केलं पाहिजे.

आता सगळ्यांत तंग प्रकरणावर येतो. बारकी रांगली नाही. ती बुडावर बसून, एक हात टेकून, फरशीवरून सरकते, आणि असं सरकते की उंबरा येईपर्यंत धरता येत नाही. दोन झबल्यांचा मागचा भाग शहाबादी फरशीला घासून आरपार दिसायला लागला. पण विहीणबाईंना हे मान्य नव्हतं. त्या इचलकरंजीहून आठवड्याला फोन करतात. “रांगत न्हाई? आमचा पोरगा सहाव्या महिन्यात रांगला, आठव्यात चालला, नवव्यात बोलला.” जावयांचं हे वेळापत्रक पंधरा दिवसांनी पुन्हा सांगताना आणखी एका महिन्यानं अलीकडं येतं. आणखी थोडे दिवस गेले तर ते पोटातून चालत आले असं ऐकायला मिळेल. इतक्या लवकर चालायला लागलेला तो माणूस आमच्याकडं आला की रविवारी अकरापर्यंत अंथरुणातून उठत नाही, हे मी विहीणबाईंना कधी सांगितलं नाही. लेकीचा संसार आहे.

मी त्यांना आकडे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनं बाळांच्या हालचालींच्याही वेळा बघून ठेवल्या आहेत. धडधाकट बाळ आधाराशिवाय बसतं ते ३.८ ते ९.२ महिन्यांत. गुडघ्यांवर रांगतं ते ५.२ ते १३.५ मध्ये. एकटं चालतं ८.२ ते १७.६ मध्ये. एकाचं आठव्यात, दुसऱ्याचं साडेसतराव्यात, आणि दोन्ही ठणठणीत. शंभरातली चारेक बाळं हाता-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, सरळ पुढच्या कामाला लागतात. बारकी त्या चारांतली. डॉक्टरांनीही तिला बघून, पाय हलवून, उभी करून हेच सांगितलं. इतका ऐसपैस निकाल शास्त्रानं दिला असताना शेजारपाजाऱ्यांनी दर मंगळवारी नवी मुदत कशाला द्यायची? नोकरीच्या मुलाखतीत कुणाला ‘आपण कितव्या महिन्यात रांगलात’ असं विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, “साडेसतरा? बाई गं!” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉकर पाठवला.

तो पहिला. मग लेकीच्या मावशीनं पाठवला, मग मामानं आणला. हे चाकांचं प्लॅस्टिकचं रिंगण, मध्ये बाळ लोंबकळत ठेवायचं. त्यानं बाळ लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून, उंबऱ्यावरून गडगडतं. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आमच्या घराला मुळातच उंबरे पाच आणि सगळे वेगळ्या उंचीचे, त्यामुळं आम्ही कॅनडाच्या बाजूचे. सध्या एका वॉकरमध्ये आजी कांदे ठेवते, दुसऱ्यात लसूण. तिसरा माडीवर आहे. त्याऐवजी मी सुताराकडून तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा करून घेतला, उभं राहून पुढं ढकलायचा, आम्ही ढकलला तसला. बारकीनं तो आडवा पाडला, चाक फिरवून बघितलं आणि दिवसभर तेच फिरवत बसली. चालायचं काही नाव नाही.

तर कळवायला आनंद होतो की येत्या श्रावणात बारकीचे बारा महिने भरत आहेत. वेदगंगेचं पाणी निपाणी रस्त्यावर आलेलं नसलं तर सर्वांनी जेवायला अगत्य यावं. श्रावण असल्यामुळं जेवण पुरणपोळीचं आहे. तांबडा-पांढरा गणपती उठल्यावर, त्याचं आमंत्रण वेगळं. आकडा बाराचा असून तो कशाचा करायचा हे अजून ठरलेलं नाही, शेवग्याच्या शेंगा महाग आहेत. आहेर आणू नये. वॉकर तर मुळीच आणू नये. आणि ज्यांना ‘अजून चालत न्हाई व्हय?’ असं विचारायचंच आहे, त्यांनी श्रावणात येण्याची घाई करू नये. त्यांनी पुढच्या माघात यावं.